हॉग्रुडबाईंचा शेरा

त्या वर्षी एप्रिलात आर्डिस हॉग्रुडबाईंनी मागचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली. नॉर्डबीत मागचं दार कोणी लावत नाही. पुढचं दार पाद्री, पार्सलवाला आणि वाईट बातमी यांच्यासाठी; बाकी सगळं गाव मागच्या दाराने, पायातले बूट झटकत, "आहात का?" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरतं. बाईंच्या दाराचा खटका तर इतकी वर्षं गंजून पडला होता की तो सरकवायला त्यांना हातोडीने ठोकावा लागला. त्या आवाजाने शेजारीण बाहेर आली.

"वाऱ्याने उघडतं गं," बाई म्हणाल्या.

"हो, वारा फार आहे यंदा," शेजारीण म्हणाली.

वारा दरवर्षीइतकाच होता आणि ते दोघींनाही माहीत होतं.

बाई तेव्हा अडुसष्टच्या. उंच, हाडकुळ्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म तिसरीच्या वर्गावर काढला. निम्म्या गावाला गुणाकार त्यांनी शिकवला आणि उरलेल्या निम्म्याच्या पोरांना. त्यामुळे पन्नाशी उलटलेले बाप्येसुद्धा त्यांना रस्त्यात बघून पँटच्या खिशातले हात बाहेर काढायचे. नवरा मर्लिन गेला, त्याला बरीच वर्षं झाली. एकच मुलगा, कर्टिस. तो शहरात होता, रखडत होता, आणि मागच्या ऑगस्टमध्ये गावाबाहेरच्या तळ्यावरच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात नोकरी लागून घरी परत आला होता. बायको केल्सीला दिवस गेलेले. पहिलं वर्ष प्रोबेशनचं. ते एकदा सरलं की पोरगा कायमचा गावात, नातवंड हाकेच्या अंतरावर. बाईंना देवाकडे आणखी काही मागायचं नव्हतं.

आणि नेमकं त्याच वर्षी प्रगतिपुस्तक आलं.

प्रगतिपुस्तकाची गोष्ट अशी, की त्याची सुरुवात थट्टेत झाली होती. फार वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लोक नव्या राष्ट्राध्यक्षांवरून हमरीतुमरीवर आले होते. कोणी म्हणे सोन्यासारखा माणूस, कोणी म्हणे देश बुडवणार. बाई कप विसळता विसळता म्हणाल्या, "अहो, शपथ घेऊन तीन महिने झाले नाहीत. मी तिसरीतल्या पोराचंसुद्धा पहिलं प्रगतिपुस्तक चौथ्या महिन्याशिवाय घरी पाठवत नाही." गावच्या साप्ताहिकाचे म्हातारे संपादक तिथेच बसले होते. त्यांनी ते वाक्य झेललं आणि एप्रिलच्या शेवटच्या अंकात पहिल्या पानावर चौकट आली: 'राष्ट्राध्यक्षांचं प्रगतिपुस्तक. वर्गशिक्षिका: हॉग्रुडबाई.' विषय तिसरीचेच. वाचन, गणित, खेळणी इतरांना देतो का, वागणूक. आणि खाली शेरा.

तेव्हापासून प्रथाच पडली. नवा राष्ट्राध्यक्ष आला की त्याच्या चौथ्या महिन्यात नॉर्डबी बाईंच्या चौकटीची वाट बघायचं. बाईंनी बी-च्या वर कोणालाच जाऊ दिलं नव्हतं. एकाला गणितात डी दिला होता आणि शेरा लिहिला होता, 'बेरीज येते. वजाबाकी आवडत नाही.' दुसऱ्याला, 'गोष्ट फार छान सांगतो. गृहपाठ घरी राहिला म्हणतो.' दोन्ही बाजूंचे लोक पोट धरून हसायचे. आपल्या माणसावर वेळ आली की तोंड वाकडं करायचे, पण कात्रण फ्रिजवर लावायचेच. मर्लिनच्या लाडक्या राष्ट्राध्यक्षाला सी मिळाला तेव्हा तो आठवडाभर बायकोशी "मीठ दे" यापलीकडे बोलला नव्हता.

ते हसणं कळायला नॉर्डबीची बोली कळायला हवी. तिथे वाईट असं कोणी बोलतच नाही. चर्चच्या जेवणात कोणाचा पदार्थ कुत्र्यानेही तोंड लावू नये असा झाला, तर म्हणायचं, "वेगळंच झालंय हं." आणि एखादी गोष्ट जिवापाड आवडली तर म्हणायचं, "वाईट नाही." मर्लिनने लग्नाची मागणी घातली तेव्हा बाईंनी हेच दोन शब्द उच्चारले होते आणि तो आनंदाने घराबाहेर जाऊन रडला होता. बाईंचे शेरे त्याच बोलीतले. 'खूप प्रयत्न करतो' म्हणजे नापास होणार. 'वर्गाचं लक्ष वेधून घेतो' असं आलं, की घरातला टीव्ही महिनाभर बंद. आईबापांना ते शेरे बरोबर वाचता यायचे.

फक्त एकदाच एका बापाला वाचता आला नाही. पोरगा होता ड्वेन रास्क. बाप धान्याच्या कोठारांचा मालक आणि शाळेच्या समितीवर. बाईंनी ड्वेनच्या प्रगतिपुस्तकावर लिहिलं होतं: 'ड्वेन जवळपास असला की वर्ग शांत असतो.' बापाची छाती फुगली. त्याने शेरा फ्रिजवर लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवला. "बघा, पोरगा पुढारी होणार." वर्गातल्या पोरांना मात्र ती शांतता कसली ते पक्कं ठाऊक होतं. ड्वेन बाकाशी येऊन नुसता उभा राहिला, की न मागता डब्यातली बिस्किटं पुढे सरकवायची. ती शांतता.

ड्वेन खरंच पुढारी झाला. बापाची कोठारं त्याची झाली, तालुक्याच्या मंडळावर त्याची खुर्ची आली. त्या वर्षी आलेल्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचा तो तिथला पहिला माणूस; शपथविधीला थेट वॉशिंग्टनला जाऊन आला आणि तिथला फोटो त्याने कोठारावरच्या ऑफिसात टांगला. फेब्रुवारीत गावात कुजबुज सुरू झाली, की ड्वेनकडे वरचा फोन नंबर आहे. सरकारी नोकरीतलं कोण आपल्यातलं आणि कोण नाही, ते तो वर कळवतो. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कोणालाच आठवत नव्हतं. पण त्याच महिन्यात मत्स्यबीज केंद्रातल्या दोघांना एका सकाळी किल्ल्या टेबलावर ठेवून घरी जायला सांगितलं गेलं, आणि मग कुजबुजीला पुराव्याची गरज उरली नाही.

त्या दोघांपैकी एकाच्या गाडीवर विरोधकांचा स्टिकर होता. दुसरीच्या गाडीवर काहीच नव्हतं. कारण कळलं असतं तर बरं झालं असतं; माणूस तेवढं टाळतो. कारण न कळल्यामुळे लोक सगळंच टाळायला लागले. रोंडाच्या कॅफेत सकाळी लांब टेबलावर पूर्वी कोण आरडाओरडा चालायचा! कॉफीचं बिल कोणी द्यायचं यासाठी चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळायचे, राष्ट्राध्यक्षांचे आणि त्यांच्या विरोधकांचे वाभाडे निघायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याच खुर्च्यांवर. आता ड्वेनची पिकअप बाहेर थांबली, की कोणीतरी तळ्यावरच्या बर्फाचा विषय काढायचं. नॉर्डबीत हवामानावर इतकं कधी बोललं गेलं नव्हतं.

कर्टिस रविवारी चर्चनंतर आईकडे आला. केंद्रात माशांची अंडी काढायचा हंगाम होता. दिवसभर गार पाण्यात हात घालून त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. आईने समोर ठेवलेल्या ताटात तो काटा नुसता फिरवत बसला.

"आई, यंदा प्रगतिपुस्तक आहे का गं?"

"दर वेळी असतं."

"नाही लिहिलंस तर?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा विचार त्यांच्या मनात आधीच येऊन गेला होता.

"नाही लिहिणार. म्हातारी झाले म्हणेन."

कर्टिसने मान हलवली. "नाही, तसंही नको. इतकी वर्षं छापून येतंय आणि यंदाच नाही म्हटल्यावर लोक विचारतील ना, का नाही म्हणून. परवा पेट्रोलपंपावर ड्वेन भेटला. म्हणाला, 'आईचं प्रगतिपुस्तक याच आठवड्यात ना? वाट बघतोय.'"

"आणखी काय म्हणाला?"

"एवढंच. हसत होता."

"कसा हसत होता?"

"कसा म्हणजे काय, आई! हसत होता! मला काय कळतंय कसा ते!" त्याचा आवाज चढला आणि त्याने चटकन खिडकीकडे पाहिलं. घराच्या आसपास कोणी नव्हतं. तरी त्याने आवाज खाली आणला. "चांगलं लिही यंदा."

"बी देते."

"बी तुझ्या हिशेबाने चांगलं गं. बाकी जगात बी म्हणजे काहीतरी खुपतंय. ए दे. सगळीकडे ए."

"कर्टिस, तुला स्वतःला मी स्पेलिंगमध्ये डी दिला होता."

"माहीत आहे. पोटचा पोरगा होतो, तरी दिलास. अख्ख्या शाळेने बघितला." तो भेगाळलेल्या हातांकडे बघत राहिला. "तेव्हा मी काही मागितलं नव्हतं, आई. आज मागतोय."

बाईंनी त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं, आणि त्याने तेही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या. वाचन, ए. गणित, ए. खेळणी इतरांना देतो का, ए. वागणूक, ए. आयुष्यात कधी न गिरवलेलं ते अक्षर एकाखाली एक उभं राहिलं आणि त्यांना आपल्याच हस्ताक्षराची लाज वाटली. तरी ते सोपं होतं. अडलं ते शेऱ्यापाशी. 'मेहनती आहे' लिहावं, तर गाव म्हणणार, 'खूप प्रयत्न करतो' म्हणायचंय बाईंना. 'आत्मविश्वास दांडगा आहे' लिहावं, तर शेवटच्या बाकावरचे फिदीफिदी हसणार. 'सगळ्यांपेक्षा वेगळा आहे' हे तर मनात येताच त्यांनी पेन खाली ठेवलं. उभा जन्म त्या बोलीत घालवल्यावर कौतुकाचं एक साधं, बिनकाट्याचं वाक्य त्यांना सापडेना. बाहेर एखादी गाडी गेली की त्या पडद्याआडून बघायच्या आणि पुन्हा येऊन बसायच्या.

शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिलं. हे वाक्य एका बापाने कौतुकाने फ्रिजवर लावलं होतं, म्हणजे कौतुकच की, असं त्यांनी स्वतःला बजावलं. कागदाची घडी घातली आणि विचार बदलायच्या आत कोट चढवून साप्ताहिकाच्या ऑफिसात गेल्या.

म्हाताऱ्या संपादकांच्या जागी आता त्यांची मुलगी जोडी बसायची. तीही बाईंचीच विद्यार्थिनी, ड्वेनच्याच वर्गातली. तिने ए-ए-ए-ए वाचताना भुवया वर नेल्या. मग शेऱ्यापाशी आली आणि थांबली. 'हा जवळपास असला की वर्ग शांत असतो.'

"बाई," ती म्हणाली. ऑफिसात दोघींखेरीज चिटपाखरू नव्हतं, तरी ती कुजबुजली. "हा शेरा छापायचा?"

"कौतुक आहे ते."

"हो, बाई."

"छाप."

"हो, बाई," जोडी म्हणाली, आणि कागद तिने बाकीच्या कागदांच्या खाली सरकवला.

गुरुवारी अंक आला. सकाळीच कर्टिसचा फोन. "आई, वाचलं. झकास. वर्ग शांत असतो! अगदी त्यांना आवडेल असं लिहिलंस गं." किती दिवसांनी तो मोकळा हसला. संध्याकाळी केल्सीने लिंबाच्या वड्या करून पाठवल्या. बाईंच्या जिवात जीव आला आणि त्यांनी दोन वड्या उभ्या उभ्या खाल्ल्या.

पण बाहेर मात्र कोणी हसेना. दर वेळी अंक आला की दुकानात, पोस्टात, रस्त्यात लोक हसत पुढे यायचे. या वेळी मांसवाल्याने पुडी बांधता बांधता नुसतं म्हटलं, "शेरा वाचला, बाई," आणि सुतळी सोडून पुन्हा बांधली. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, ड्वेनच्या वर्गातलाच, रस्त्याच्या पलीकडे थांबला, त्याने टोपी काढली, आणि रस्ता न ओलांडताच निघून गेला. शुक्रवारी चर्चमध्ये भांडी लावताना एका बाईने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. तिचे डोळे भरून आले होते. मग दोघी काचेची भांडी पुसत राहिल्या.

घरी येताना बाईंच्या लक्षात आलं. गावाला कळलं होतं. कर्टिस बिचारा त्या वेळी जन्मलाही नव्हता, म्हणून तो हसला होता. पण त्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला, त्यांच्या भावंडांना, आईबापांना, सगळ्यांना बाईंचा शेरा बरोबर वाचता आला होता. आणि त्या वर्गात आणखी एक जण होता. बाईंची पाचावर धारण बसली. काय लिहून बसलो आपण! पोराने ए मागितला होता, तेवढाच द्यायचा होता. त्यांनी घरात शिरून खटका सरकवला आणि तो नीट बसलाय की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

शनिवारी दुपारी ड्वेनची पिकअप अंगणात येऊन थांबली.

बाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी मागच्या पायऱ्यांवर बूट झटकल्याचा आवाज ऐकला. दाराची मूठ फिरली. दार उघडलं नाही. मूठ पुन्हा फिरली, अर्धी, आणि थांबली. तो पलीकडे उभा राहून काय समजायचं ते समजत होता आणि बाई अलीकडे श्वास धरून उभ्या होत्या.

"बाई? गाडी दिसतेय तुमची. आहात ना?"

त्यांनी दार उघडलं. ड्वेन आता त्रेपन्न वर्षांचा, दारात मावणार नाही एवढा. टोपी हातात, कोटाच्या खिशात घडी केलेला अंक.

"दार लावता?"

"वाऱ्याने उघडतं."

"हं. वारा आहे." तो टेबलाशी बसला. नॉर्डबीत घरात आलेल्या माणसाला कॉफी विचारत नाहीत, ओततात. बाईंनी ओतली आणि थोडी टेबलावर सांडली. ड्वेनने ती आपल्या बाहीने पुसली. मग अंक काढून मधोमध ठेवला.

"हा शेरा माझा आहे ना?"

नाही म्हणता आलं असतं. बाईंच्या डोळ्यांपुढे कर्टिसचे भेगाळलेले हात आले, केल्सीचं पोट आलं. पण समोर बसलेल्या विद्यार्थ्याशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना ते जमेना.

"तुझाच आहे."

ड्वेनने मान डोलावली. "आमच्या फ्रिजवर किती वर्षं होता. बाबा पाहुण्यांना वाचून दाखवायचे. मलाही वाटायचं, कौतुक आहे. मग माझी धाकटी शाळेत जायला लागली. एक दिवस जेवताना म्हणाली, आमच्या वर्गात एक मुलगा आहे, तो आला की आम्ही सगळे गप्प बसतो. माझा घास तोंडातच राहिला, बाई." त्याने कप फिरवला. "पोरं घाबरायची मला?"

"हो."

"जोडीपण?"

"जोडी सगळ्यांत जास्त. ती मधल्या सुट्टीत बाहेरच जायची नाही."

"आणि तुम्ही?"

बाईंनी चष्मा काढला आणि साखळीवर सोडला. "तुझे वडील समितीवर होते. माझं शाळेतलं दुसरंच वर्ष, अजून कायम व्हायची होते. नाहीतर सरळ लिहिलं असतं, की मुलगा दांडगाई करतो, भेटायला या. तसं लिहायची हिंमत झाली नाही म्हणून तसं लिहिलं."

"म्हणजे तेव्हाही."

"तेव्हाही."

ड्वेन खिडकीबाहेर बघत बसला. मग एकदम हसला, आणि ते हसणं कसं होतं ते बाईंना नीट कळलं. ते ओशाळं होतं. "माझ्याकडे कोणाचाही नंबर नाही, बाई. शपथविधीला गेलो, तो पार मागे उभा होतो, थंडीत कुडकुडत, पडद्यावर बघत. ऑफिसात फोटो आहे ना, तो हॉटेलच्या दारातला आहे. मी कोणाचंही नाव कुठेही कळवलेलं नाही. कळवू कोणाला? मला तिथे ओळखतो कोण?"

"त्या दोघांची नोकरी?"

"मला तुमच्याइतकंच माहीत. पेपरात वाचलं."

बाईंना आधी हलकं वाटलं. कर्टिसला याच्यापासून काही भीती नव्हती. कधीच नव्हती. आणि मग त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्र रात्र झोप नव्हती, पोरगं अन्नाला शिवत नव्हतं, आयुष्यात कोणाला दिला नाही तो ए एकाखाली एक चार वेळा दिला. कशासाठी?

"मग गावाला सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"ड्वेन!"

त्याचे कान लाल झाले होते, तिसरीत व्हायचे तसेच. "मी कॅफेत शिरलो की सगळे गप्प होतात. खुर्ची रिकामी करून देतात. फासे टाकायच्या आधीच माझ्या कॉफीचं कोणीतरी देऊन टाकतं." तो खाली बघत म्हणाला, "वाईट नाही वाटत, बाई."

नॉर्डबीत 'वाईट नाही'चा अर्थ काय, ते बाईंना कोणी सांगायला नको होतं. याला काही करायचीही गरज नव्हती. नुसतं बाकाशी येऊन उभं राहायचं.

"सोमवारी सकाळी कॅफेत सगळ्यांसमोर सांगायचंस," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "आत्ता मला सांगितलंस तसंच."

"हो, बाई," ड्वेन म्हणाला आणि उठला. दारातून जाताना त्याने खटक्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून पायऱ्या उतरला.

रविवारी बाईंनी कर्टिसला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "तो असंच म्हणणार, आई. नंबर असता तरी असंच म्हणाला असता."

"उद्या कामावर जायच्या आधी कॅफेत चल. स्वतःच्या कानांनी ऐक."

सोमवारी लांब टेबल भरलेलं होतं. मांसवाला होता, बसचा ड्रायव्हर होता, आणखी चारपाच जण. जोडी कोपऱ्यात एकटी बसली होती. बाई आणि कर्टिस भिंतीकडच्या छोट्या टेबलाशी बसले. फासे खुळखुळत होते, कोणीतरी हरलेल्याची टर उडवत होतं. मग बाहेर पिकअपचं दार वाजलं. फाशांचा पेला खाली ठेवला गेला. ड्वेन आत आला आणि वर्ग शांत झाला.

एक खुर्ची आपोआप मोकळी झाली. रोंडाने न विचारता कॉफी ओतली. मांसवाल्याने खिशात हात घातला आणि ड्वेनच्या कॉफीचे पैसे न बोलता टेबलावर सरकवले. ड्वेनने ते पाहिलं. मग त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हनुवटीने खूण केली, जशी त्या फळ्याशी बोलावलेल्या पोराला करायच्या. बोल. त्याने घसा खाकरला. सगळ्या टेबलाने श्वास रोखून धरला, आणि तो रोखलेला श्वास त्याच्या चेहऱ्यावर उन्हासारखा पडलेला बाईंना स्पष्ट दिसला.

"तळ्यावरचं बर्फ लवकर गेलं यंदा," ड्वेन म्हणाला.

"लवकर गेलं," दोघेतिघे एकदम म्हणाले.

"फारच लवकर," मांसवाला म्हणाला.

बाईंनी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले. उठायचं आणि म्हणायचं, ड्वेन रास्क, उभा राहा, तुला वर्गाला काहीतरी सांगायचं होतं. एवढंच तर करायचं होतं. तेव्हा जे केलं नाही ते आत्ता करायचं. त्या अर्ध्या उठल्याही. तेवढ्यात टेबलाखाली एका खरखरीत, भेगाळलेल्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आई, नको," कर्टिस ओठ न हलवता पुटपुटला. "प्रोबेशनचे अजून चार महिने आहेत."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. ड्वेनही बघत होता. कोपऱ्यातून जोडी बघत होती.

बाई खाली बसल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "लवकर गेलं यंदा."